जळालेल्या शहरातली फांदी

‘इकेबाना’ म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती शांतता. पसरट भांडे, दोन-तीन काटक्या, एखादे फूल आणि भोवती भरपूर मोकळी जागा. मुंबई-पुण्याच्या पुष्पप्रदर्शनांत अशा रचनेखाली ‘निसर्गाशी तादात्म्य’ वगैरे लिहिलेली पट्टीही असते. गेली काही वर्षे मी या कलेच्या इतिहासामागे लागलो आहे. हाताशी ना पदवी, ना शिष्यवृत्ती. नोकरी सांभाळून जमवलेली पुस्तके आणि भाषांतरे एवढेच भांडवल. पण जसजसे वाचत गेलो, तसतशी ती पट्टी मला अपुरी वाटू लागली.

इकेबानाच्या इतिहासात एक नोंद हमखास सांगितली जाते. १४६२ साली क्योतोमध्ये एका सरदाराने इकेनोबो सेनकेई नावाच्या भिक्षूला घरी बोलावले. सेनकेईने सोन्याच्या कलशात काही डझन फांद्या-फुले उभी केली आणि ती पाहायला शहरातल्या रसिकांची झुंबड उडाली. तोफुकुजी मठातल्या एका भिक्षूच्या रोजनिशीत हे नमूद आहे. रोजनिशीचे नाव ‘हेकिझान निचिरोकू’. फूल लावणाऱ्या माणसाचे नाव लक्षात ठेवावे इतकी ही गोष्ट मोठी झाली होती, म्हणून अभ्यासक या नोंदीला महत्त्व देतात, आणि ते योग्यच आहे.

मात्र याच रोजनिशीची आदल्या वर्षाची पाने सहसा कोणी उलटत नाही. १४६१ मध्ये क्योतोत भीषण दुष्काळ पडला होता. एका भिक्षूने लाकडाचे ८४,००० छोटे स्तूप करून घेतले आणि रस्त्यांवरच्या, नदीकाठच्या प्रत्येक प्रेतावर एकेक ठेवत गेला. शेवटी २,००० उरले. म्हणजे ८२,००० मृत. ८४,००० हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. अशोकाने इतकेच स्तूप बांधले अशी बौद्ध परंपरा सांगते. त्यामुळे ही खानेसुमारी शब्दशः घेऊ नये असे माझे मत आहे. पण प्रेतांनी नदी तुंबल्याचे लिहिणारा आणि पुढच्या वर्षी सोन्याच्या कलशातली फुले टिपणारा हात एकच आहे, हे विसरता येत नाही. पाच वर्षांनी, १४६७ मध्ये, ओनिन युद्ध पेटले. ते दहा वर्षे चालले आणि क्योतोचा फार मोठा भाग जळून गेला.

सेनकेई ज्या देवळातला, ते रोक्काकुदो, म्हणजे षट्कोनी मंदिर. तिथल्या तळ्याकाठच्या भिक्षूंच्या निवासावरून ‘इकेनोबो’ हे घराण्याचे नाव पडले. कलेचे मूळ बुद्धापुढच्या पुष्पपूजेत आहे. ही पूजा भारतातून चीन-कोरियामार्गे तिथे गेली, पण वाटेत एक फरक पडला. आपण देवाला वाहतो ते बहुधा देठावेगळे फूल, पाकळ्या, नाहीतर माळ. तिकडे धूपपात्र आणि दीपपात्र यांच्या जोडीला फुलदाणी आली आणि तिच्यात फूल देठासकट, फांदीसकट उभे राहिले. उभे राहिले म्हणजे त्याला दिशा आली, तोल आला, पुढची आणि मागची बाजू आली. पुढची सारी कारागिरी या उभे राहण्यातून निघाली आहे.

पंधराव्या शतकात श्रीमंतांच्या घरांत ‘तोकोनोमा’ हा भिंतीतला कोनाडा रूढ होत गेला. तिथे चित्राची गुंडाळी टांगायची आणि पुढे फूल मांडायचे. देवापुढची फांदी अशी पाहुण्यापुढे आली. कोनाड्याला समोरची एकच बाजू असते, म्हणून रचनाही समोरूनच पाहायची.

युद्धानंतरच्या पिढीत इकेनोबो सेनओ झाला. त्याने शिष्यांसाठी जे लिहून ठेवले, ते ‘सेनओ कुदेन’ या नावाने ओळखले जाते. नुसती सुंदर फुले भांड्यात खोचणे त्याला पुरेसे वाटत नव्हते. थोडे पाणी आणि लहानशी फांदी यांतून डोंगर-नद्यांचा विस्तार दिसावा, ही त्याची अपेक्षा. वाळलेल्या, वाकड्या फांदीलाही त्याने रचनेत जागा दिली. याकडे आपण ‘झेन’ हा शब्द चिकटवून मोकळे होतो. मला त्यात क्योतो दिसते. सेनओच्या काळात रोक्काकुदो हे खालच्या पेठेतल्या नागरिकांचे जमण्याचे ठिकाण होते. धोका दिसला की तिथली घंटा वाजे. जळून पुन्हा उभ्या राहणाऱ्या वस्तीच्या मधोमध बसून हा माणूस वाळक्या फांदीशेजारी कोवळी पालवी लावायला शिकवत होता.

सत्तेला मात्र फुले भव्य हवी होती. १५९४ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी माएदा तोशिइए या सरदाराकडे गेला, तेव्हा पहिल्या सेनकोने पाइनची अवाढव्य रचना मांडली. मागच्या चित्रांतली माकडे त्या पाइनच्या फांद्यांवर बसल्यासारखी दिसत, असे सांगतात. पुढे सतराव्या शतकात दुसऱ्या सेनकोने सम्राट गो-मिझुनोओच्या आश्रयाने ‘रिक्का’ शैली कळसाला नेली. तिच्यात आधी सात, मग नऊ मुख्य फांद्या, प्रत्येकीचे नाव आणि जागा ठरलेली. मोठ्या रचनांत फांद्या तारेने आणि खिळ्यांनी जोडलेल्या असत. निसर्गाशी तादात्म्य म्हणणाऱ्यांनी हे खिळे जरूर पाहावेत.

याच हिदेयोशीचा चहागुरू सेन नो रिक्यू. १५९० मध्ये ओदावाराच्या वेढ्याच्या वेळी त्याने निरायामाच्या बांबूतून एक फुलदाणी कापली. बांबूला तडा होता. ओन्जोजी देवळातल्या तडा गेलेल्या घंटेवरून तिचे नावही ‘ओन्जोजी’. पाणी झिरपून चटई भिजते अशी तक्रार कोणी केली, तेव्हा गळणे हाच तिचा जीव, असे उत्तर मिळाल्याची आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, फुलदाणी आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तडा तसाच आहे. चहाच्या खोलीतले फूल असेच: एखाददुसरे, सहज टाकल्यासारखे. पुढच्याच वर्षी हिदेयोशीच्या हुकमावरून रिक्यूला पोट फाडून घ्यावे लागले.

नंतरच्या शैली थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकात व्यापारी घरांना पेलेल अशी ‘शोका’ आली; आकाश, माणूस आणि भूमी अशा तीन फांद्या, पण पाण्याबाहेर येताना जणू एकाच बुंध्यातून निघालेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उनशिनने विलायती फुलांसाठी पसरट थाळी वापरली. हीच ‘मोरिबाना’, आपल्या प्रदर्शनांत दिसते ती बहुधा हिचीच वंशज. १९२७ मध्ये तेशिगाहारा सोफूने सोगेत्सु पंथ काढला आणि पुढे लोखंडही रचनेत आणले.

शैलींच्या या यादीत एक बदल दिसत नाही. भिक्षू, सरदार आणि व्यापारी पुरुषांनी वाढवलेली ही कला मेजी काळात मुलींच्या शाळांत गेली. चांगली पत्नी, सुज्ञ माता घडवण्याच्या धोरणाचा तो भाग होता. पण त्यातून शिक्षिकाही तयार झाल्या, आणि घराबाहेर पडून चार पैसे मिळवायचा एक प्रतिष्ठित मार्ग अनेकींना सापडला. शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रामुख्याने बायका, परवाने देणारे घराणेप्रमुख पुरुष, असे चित्र दीर्घकाळ राहिले. इकेनोबो घराण्याचे पंचेचाळिसावे प्रमुख सेनएई यांनी वारस म्हणून आपल्या मुलीला नेमले आहे. तिने धारण केलेले नाव आहे सेनको; हिदेयोशीपुढे पाइन मांडणाऱ्याचे होते तेच.