भोक नव्हे, बुडी मोजा

पंचांगातला मुहूर्त सूर्योदयापासून घटका-पळांत दिलेला असे. वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावात तो मांडवापर्यंत आणायचा, तर घड्याळाआधीच्या काळात सोयीचे साधन म्हणजे पाण्याने भरलेले घंगाळ आणि त्यात सोडलेली, तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी. वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. अशा साठ घटकांची एक दिवसरात्र. या घटिकापात्राची कथा सांगताना सगळा भर त्या भोकावर दिला जातो: सोन्याची काडी किती वजनाची, किती अंगुळे लांब, तिच्याएवढे छिद्र कसे पाडायचे. माझ्या मते पात्राची खरी कर्तबगारी वेगळीच आहे. आधी त्याने गळण्याऐवजी बुडणे पत्करले आणि मग भोकाच्या मापाचा नादच सोडला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली नालिका, म्हणजे तिथली घटका, गळणारी होती. कुंभाच्या छिद्रातून एक आढक पाणी वाहून गेले की ती पूर्ण. यात एक गोम आहे. छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीवर ठरतो, पण उंचीच्या प्रमाणात नव्हे, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. हा नियम तोरिचेल्लीने १६४४ मध्ये मांडला. उंची चौथाई उरली की वेग निम्मा होतो. म्हणजे कुंभ जसजसा रिकामा होतो तसतसा तो मंदावतो, आणि आत सारख्या अंतरावर पाडलेल्या खुणा सारखा काळ दाखवत नाहीत. तरंगणारी वाटी या कटकटीतून आपसूक सुटते. तिला वर धरून ठेवणारा जोर बाहेरच्या आणि आतल्या पाण्याच्या पातळीतल्या फरकातून येतो आणि वाटीचे वजन तर बदलत नाही. समजा, सरळ भिंतींचे ४५० ग्रॅमचे तांब्याचे पात्र आहे आणि त्याचा तळ १५० चौरस सेंटिमीटरचा आहे. आत कितीही पाणी आले तरी हा फरक पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपासच राहतो. पाणी शिरत राहते, पात्र खाली जात राहते, दाब मात्र जवळपास तोच. ज्याने हे प्रथम केले त्याला आर्किमिडीज ठाऊक असण्याचे कारण नाही; फायदा मात्र पुरेपूर मिळाला.

यावर कुणी म्हणेल, घटिकापात्र कुठे सरळ भिंतींचे असते? ते तर अर्धगोल. सूर्यसिद्धान्त त्याला कपाल म्हणतो. बरोबर आहे. अर्धगोलात सुरुवातीला पातळीचा फरक जास्त आणि काठाशी येईतो कमी होतो, म्हणून अर्धी वाटी भरली म्हणजे अर्धी घटका झाली असे धरता येत नाही. पण तशी धरायचीच नसते. वाटी फक्त पूर्ण बुडी मोजते. काठावरून पाणी आत आले की ती झपकन तळाला जाते. खूण वाचायला नको, नजरेच्या अंदाजाला जागा नाही. रिकामी करून पुन्हा सोडली की तीच वाटी, तेच वजन, तेच भोक. आतला वेग असमान असो, प्रत्येक फेरीत तो त्याच तऱ्हेने असमान असतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. भोक चुकले तर? व्यास विसाव्या हिश्श्याने मोठा झाला तर क्षेत्रफळ दहाव्या हिश्श्याने वाढते, आणि वाटी दिवसरात्रीत ६० ऐवजी ६६ वेळा बुडते. एका मिलिमीटरच्या भोकात विसावा हिस्सा म्हणजे केसाच्या जाडीएवढी चूक. शिवाय व्यास अचूक साधला तरी काठ आत वळला की बाहेर, धार राहिली की घासली गेली, यावरही प्रवाह बदलतो. सोन्याच्या काडीचे माप यातले काहीच सांगत नाही. याचे उत्तर भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त दिले आहे, आणि त्यांचे नाव खानदेशातल्या पाटणच्या शिलालेखाने महाराष्ट्राशी बांधलेले असल्यामुळे ते आपल्याला जवळचे वाटावे. ठरावीक वजनाचे तांबे आणि ठरावीक काडी हा जुना नेम त्यांनी युक्तीला न धरून असलेला आणि घडवायला अवघड म्हणून बाजूला ठेवला. वाटी कशीही करा. दिवसरात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने दिवसरात्रीला भागा. आपल्या ६६ बुड्यांच्या ‘चुकलेल्या’ वाटीची एक बुडी म्हणजे दिवसरात्रीची ३६०० पळे भागिले ६६, साडेचोपन्न पळे. वाटी बिघडलेली नाही, फक्त तिचे माप ठाऊक झाले.

उरतो उन्हाळा. २० अंशांवरून ४० अंशांवर गेले की पाण्याचा चिकटपणा सुमारे एक तृतीयांशाने घटतो, आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात हा हिशेब पुस्तकी राहत नाही. लांब, बारीक नळीत प्रवाह चिकटपणाच्या थेट व्यस्त प्रमाणात वाढला असता. पातळ पत्र्यातल्या भोकात पाण्याला घासायला भिंतच नसल्यासारखी असते, म्हणून फरक बराच कमी पडतो. उरलेला ऋतूनुसार पुन्हा बुड्या मोजून काढता येतो. खरा शत्रू कचरा. सूर्यसिद्धान्त पाणी निर्मळ हवे म्हणतो ते शुचितेसाठी नसावे. भास्कराचार्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या, लग्नघटकेला वाटीच्या भोकात मोती अडकल्याची गोष्ट फैजीने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’ ग्रंथाच्या फारसी भाषांतरातून पुढे आली. इतिहास म्हणून ती कच्ची आहे, यंत्राचा दोष मात्र तिने अचूक पकडला आहे.

मग असे यंत्र मागे का पडले? अचूकतेत ते यांत्रिक घड्याळाला हरले हे खरे, पण तेवढ्याने भागत नाही. सूर्योदयाला पाण्यात सोडलेली वाटी त्या गावाची वेळ सांगते. हट्ट्याचा सूर्य मुंबईच्या आधी साधारण पाव तास उगवतो. रेल्वे आणि तार यांना असल्या गावोगावच्या वेळा परवडणाऱ्या नव्हत्या. ब्रिटिश भारतात १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली, तेव्हा हट्टा निजामाच्या राज्यात होते. त्या प्रमाणवेळेने हट्ट्यात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी बारा वाजून २२ मिनिटांनी, म्हणजे जवळपास एक घटका उशिरा.