खत, हुंडी आणि कराराचा कायदा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या हाती व्यापारी कायद्याचे जे क्रमिक पुस्तक पडते, त्याचा आरंभ बहुधा १८७२ च्या भारतीय कराराच्या कायद्याने होतो. आणि प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल, पक्षांची पात्रता, मुक्त संमती या व्याख्या घोकीत असताना त्याची अशी समजूत होऊन बसते, की हे सारे शास्त्र विलायतेहून गलबतात भरून आले आणि त्यापूर्वी आमच्या पेठांतील देवघेव एकतर तोंडच्या शब्दावर किंवा मनगटाच्या जोरावर चालत असली पाहिजे. पेशवाईतील पुण्याच्या व्यवहाराचे कागद ज्याने थोडेबहुत चाळले आहेत, त्याला ही समजूत मान्य होणार नाही. मात्र त्याच कागदांच्या आधारे, इंग्रजी अमलापूर्वी सर्वत्र सचोटीचे राज्य होते असे सांगणारे जे अभिमानी लोक भेटतात, त्यांचेही समाधान होण्यासारखे त्यांत फारसे काही नाही.

१७३२ साली शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली आणि पुणे हे कसबे मराठी दौलतीच्या कारभाराचे मुख्य ठाणे बनले, तेव्हापासून या शहराची सावकारी वाढीस लागली. कारण उत्तरेकडील मोहिमांचा खर्च आधी करावा लागे आणि त्या मुलखांतील खंडणी व चौथाई हाती येई ती मागाहून, पुष्कळदा अपुरी. मधली ही दरी कर्जाने भरून काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. पहिल्या बाजीरावांना धनकोंच्या तगाद्याने केवढा मनस्ताप झाला हे त्यांच्या पत्रव्यवहारावरून सर्वश्रुतच आहे. दौलतीला कर्ज देणारे सावकार शहरातील गृहस्थाला, सरदाराला आणि भोवतालच्या परगण्यांतील कुणब्यालाही कर्ज देत, आणि या सर्वांचा आधार एकच असे : खत.

या खताची घडण जरा निरखून पाहण्याजोगी आहे. मोडीत लिहिलेल्या त्या कागदाच्या आरंभी शक, संवत्सर, मास व तिथी. पुढे ‘धनको नाम’ आणि ‘रिणको नाम’ असे दोन्ही पक्षांचे नामनिर्देश. मग ऋणकोने आपल्या कार्याकारणे, आत्मसुखे ही रक्कम घेतली असा कबुलीजबाब. नंतर मुद्दल, दरमहा दरसदे व्याज, फेडीची मुदत, असल्यास गहाणाचा तपशील. आणि शेवटी साक्षीदारांची नावे. ज्यास लिहिता येत नसे त्याची सही कारकून करी व शेजारी निशाणी काढी. कुणबी असल्यास नांगर, स्त्री असल्यास बांगडी. आता १८७२ च्या कायद्याचे दहावे कलम काढून पहावे. पक्ष पात्र असावेत, संमती मुक्त असावी, प्रतिफल व उद्दिष्ट कायदेशीर असावे, एवढ्याच त्याच्या मुख्य अटी आहेत. खतातील ‘आत्मसुखे’ हा शब्द कारकुनाने सवयीने लिहिला असेल. पण संमती कोणाच्या दबावाखाली दिलेली नाही हे कागदावर उमटले पाहिजे, ही जाणीव त्या सवयीच्या मुळाशी होतीच.

जामिनाच्या बाबतीत तर जुना व्यवहार आजच्या पाठ्यपुस्तकापेक्षाही बारकाईचा होता. माणूस वेळेवर हजर राहील याची हमी देणारा तो हाजीरजामीन, रकमेची हमी देणारा तो मालजामीन, आणि मनुष्य ठरल्याप्रमाणे वागेल याची हमी घेणारा तो वर्तणूकजामीन. तंटा पंचायतीपुढे गेला, की उभय पक्षांकडून पंचांचा निर्णय मान्य करण्याविषयी राजीनामा लिहून घेत, त्यास जामीन घेत, मग तकरारी ऐकून व साक्षीपुरावा पाहून निवाडा देत. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. म्हणजे सरकारची प्राप्ती दोन्हीकडून ठरलेली. पण निवाडा होऊनही ऋणको दाद देईना, किंवा पंचायतीपर्यंत जाण्याची धनकोलाच इच्छा नसेल, तर तकाजा हे शस्त्र उरे. दक्षिणेतील मुलखाचा कमिशनर म्हणून एल्फिन्स्टन याने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या तकाज्याच्या पायऱ्या वर्णिल्या आहेत : नुसती मागणी, मग दारात धरणे, मग ऋणकोवर पहारा बसवून त्याचे अन्नपाणी बंद करणे, आणि अखेरीस डोक्यावर दगड देऊन त्यास भर उन्हात उभे करणे. ‘आत्मसुखे’ लिहिलेल्या खताची वसुली कधी कधी अशी होई, हेही विद्यार्थ्याने विसरू नये.

हुंडीचा प्रकार मात्र निखालस कौतुकास्पद म्हटला पाहिजे. पुण्याचा सावकार काशीच्या आडत्यावर हुंडी लिही, आणि यात्रेस निघालेला गृहस्थ कमरेस रोकड न बांधता तो कागद घेऊन जाई. या कागदावरील रक्कम एकदा लिहून भागत नसे. आकडा, त्याचे निमे आणि त्या निम्म्याची दुप्पट अशा रीतीने ती बांधून टाकीत, जेणेकरून कोणा चतुर माणसाने एक पूज्य वाढवावे म्हटले तर त्याला सगळाच हिशेब बदलावा लागे. दाखविताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, ठराविक दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे कोणा ऐऱ्यागैऱ्यास मिळत नसत. पेठेत ज्याची पत आहे अशा ‘शहा’कडेच ते द्यावयाचे, आणि पुढे हुंडी चोरीची वा बनावट निघाली तर तो रक्कम व्याजासह परत करण्यास बांधलेला. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिची पेठ लिहीत, पेठही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले म्हणजे तो कागद खोखा होऊन दप्तरात पडे. किनाऱ्यावरील व्यापारात चालणारी जोखमी हुंडी तर माल सुखरूप पोचला तरच देय होई, म्हणजे एकाच चिठ्ठीत विनिमयपत्र आणि विमा! आज विद्यार्थी धनादेशाचे रेखांकन शिकतो, म्हणजे धनादेशावर दोन समांतर रेघा ओढून पैसे केवळ बँकेमार्फतच मिळतील अशी तजवीज करतो. शहाजोग हुंडीचे तत्त्व याहून निराळे नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने प्रथम पंचायतीचीच पद्धत पुढे चालू ठेवण्याचा यत्न केला, परंतु पंच वेळेवर जमत नाहीत आणि जमले तर उठत नाहीत, या जुन्या दुखण्याने ती मागे पडत गेली. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनांपैकी चौथ्या रेग्युलेशनाच्या २६ व्या कलमाने दिवाणी न्यायाधीशांना असा क्रम घालून दिला, की पार्लमेंटाचा कायदा वा सरकारी रेग्युलेशन असेल तर ते लावावे, नसेल तर देशाची रूढी, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक. रूढीला या क्रमात मानाचे स्थान असल्यामुळेच दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यात टिकून राहिला. धनकोने एका वेळी मुद्दलाइतकेच व्याज घ्यावे, त्याहून अधिक नाही, हा धर्मशास्त्राचा दंडक न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य केला.

परंतु चांगल्या नियमाला बगल देण्याची वाटही कायद्यानेच दाखविली. १८५५ साली व्याजाच्या दरावरील निर्बंध उठविण्यात आले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खतावरील फिर्यादीस तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू असा, की जुनीपुराणी खते उकरून कोणी कुणब्यास नाडू नये. घडले ते उलटे. तीन वर्षे भरत आली, की सावकार नवे खत लिहून घेई, त्यात थकलेले व्याज मुद्दलात मिळवी, आणि अशा रीतीने दर तीन वर्षांनी मुद्दल फुगत गेल्यावर दामदुपटीचा नियम अक्षरशः पाळूनही मूळ कर्जाच्या अनेक पट रक्कम मागता येई. त्याच वर्षीच्या दिवाणी कामकाजाच्या कायद्याने एकतर्फी हुकूमनामे सुलभ झाले. समन्स समजलेच नाही, किंवा समजले तरी पुण्यापर्यंत येणे परवडले नाही, असा कुणबी घरीच राही आणि त्याच्या जमिनीवर लिलावाची दौंडी पिटली जाई. न्यायालयापुढे खत असे, साक्षीदार असत, नांगराची निशाणीही असे. करार सर्व बाजूंनी परिपूर्ण. खताच्या मागे काय घडले हे विचारण्याचे काम न्यायाधीशाचे नव्हते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव ते युद्ध १८६५ साली संपताच कोसळले, सारावाढीची नवी जमाबंदी आली, आणि हे सर्व १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, फुटून बाहेर पडले. दंगेखोरांना सोन्यानाण्यापेक्षा कागद हवे होते. खते, रोखे, हुकूमनामे काढून घेऊन ते जाळण्यात आले, आणि जिथे कागद मुकाट्याने हवाली झाले तिथे सावकाराच्या जिवास सहसा धोका पोचला नाही. कराराच्या कायद्यास अंमलात येऊन त्या वेळी पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. कायद्याचे पुस्तक बोलत होते मुक्त संमतीविषयी, आणि सुप्याच्या बाजारातील कुणबी ती संमती दिल्याचा पुरावाच आगीत टाकीत होता. व्यापारी कायद्याच्या इतिहासात याहून बोलका प्रसंग मला ठाऊक नाही.

पुण्यातील सुशिक्षितांनी या प्रकरणी जे केले ते नोंद करण्यासारखे आहे. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे प्राण असलेले गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, हे स्वतः वकील. महादेव गोविंद रानडे १८७१ पासून पुण्यात न्यायखात्यात. त्यांच्या पुढाकाराने लवाद कोर्टे निघाली, म्हणजे खर्चाच्या व विलंबाच्या कचाट्यातून पक्षकारांना सोडवून आपसात निकाल करण्याची सोय झाली. सरकारनेही दंग्याच्या चौकशीनंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लावला. या कायद्याने न्यायाधीशावर खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार कसा घडला, खरी रक्कम किती दिली गेली, व्याज कितीदा मुद्दलात मिळविले, हे सारे तपासण्याचे कर्तव्य टाकले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास कैद करण्याची रीत बंद केली. गावोगाव खतांची नोंदणी करणारे अधिकारी नेमले आणि पावती व हिशेब मागण्याचा हक्क ऋणकोस दिला. रानडे १८८७ साली याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश झाले, ही योगायोगाची गोष्ट नव्हे. पुढे १८९९ साली कराराच्या कायद्यातील अनुचित प्रभावाचे सोळावे कलम दुरुस्त करण्यात आले, आणि ज्याला दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजविता येते त्याने केलेला करार अन्यायाचा दिसला तर तो प्रभावमुक्त होता हे त्यानेच सिद्ध करावे, असे ठरले. विद्यार्थी हे कलम पाठ करतो. त्यामागे कोणत्या जातीचे अनुभव असतात हे त्याला सुप्याच्या हकिकतीवरून कळावे.

शहरातील व्यापाराचे वळण या अवधीत पालटत होते. पातीच्या धंद्यात पातीदाराची जबाबदारी घरादारापर्यंत पोचत असे. मर्यादित जबाबदारीच्या मंडळीत ती भागाच्या रकमेपुरतीच राहते. हा फरक पुणेकरांना मुंढव्याच्या कागद गिरणीसारख्या उद्योगांनी शिकविला. १९०६ साली कॉसमॉस ही सहकारी पेढी उभी राहिली, १९३५ साली बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली, आणि तिचे कामकाज पुढच्या फेब्रुवारीत सुरू झाले. कायद्याच्या शिक्षणासाठी १९२४ साली विधी महाविद्यालय निघाले, तर बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे. मालविक्रीची कलमे १९३० साली आणि भागीदारीची १९३२ साली कराराच्या कायद्यातून वेगळी काढून त्यांचे स्वतंत्र कायदे झाले, तेव्हा शिकविण्यास पुस्तके वाढली; दप्तरांतील खते मात्र वर्गापर्यंत आली नाहीत.

वास्तविक १८७२ च्या कायद्याचे पहिलेच कलम, त्याच्याशी विसंगत नसलेली व्यापारातील रूढी अबाधित ठेवते, आणि १८८१ च्या परक्राम्य लेखांच्या कायद्याचे पहिले कलम देशी भाषांत लिहिलेल्या हुंडीचुंडीच्या स्थानिक रूढीस हात लावीत नाही. ही कलमे आजही तेथेच आहेत. परीक्षेत विचारीत नाहीत म्हणून कोणी वाचीत नाही एवढेच. पुण्यात पेशवे दप्तर आहे, सदाशिव पेठेत १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि मोडी वाचणारी माणसे अद्याप आहेत. व्यापारी कायदा शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी वर्षातून एक तास तरी एखादे जुने खत व एखादी हुंडी विद्यार्थ्यांपुढे ठेवून, यात प्रस्ताव कोणता, प्रतिफल कोणते आणि संमती खरोखर मुक्त होती काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत.