भिंतीवरचा चौक कोणी काढला?

आपण सणाला घर सारवतो, दारात रांगोळी काढतो. तिच्याखाली कधी नाव लिहितो का?

डहाणू-तलासरीकडच्या वारली बायांचंही तसंच होतं. लग्नघरी कुडाची भिंत शेणानं सारवायची, गेरू लावायचा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचा. मग सवाशिणी पालघट देवीचा चौक काढायच्या.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर गेले आणि ही चित्रं कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तर लग्नाची वाट न पाहता रोज चित्रं काढू लागले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मान त्यांच्या हक्काचाच. पण भिंत पुन्हा सारवली की बायांचा चौक पुसला जायचा. कागद टिकला, त्यावरचं नावही टिकलं. पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या बहुतेक बायांची नावं मात्र कुठंच राहिली नाहीत.

आज आपले गट पणत्या, तोरणं, पिशव्या रंगवतात. काम झालं की कुंचला धुऊन ठेवायला आपण विसरत नाही. तसंच वस्तूवर गटाच्या नावाशेजारी करणारीचं नाव लिहायलाही विसरायचं नाही.