कस्टर काउंटी : आरंभीचे कृषिजीवन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेब्रास्का राज्याच्या मध्यभागी असलेला एक शेतीप्रधान प्रशासकीय विभाग. राज्याच्या ज्या उपविभागाकडे जमिनीची नोंद, करवसुली व स्थानिक न्यायालय यांचा कारभार असतो, त्यास काउंटी म्हणतात. कस्टर काउंटीची स्थापना १८७७ मध्ये झाली असून ब्रोकन बो हे तिचे मुख्य ठाणे आहे. हा मुलूख पूर्वी पॉनी या आदिवासी जमातीच्या वावराचा होता; करारांद्वारे तिची भूमी काढून घेण्यात आली व १८७० नंतरच्या दशकात तिला दक्षिणेकडे स्थलांतर करावे लागले.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार कुटुंबप्रमुखास किंवा २१ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस नाममात्र शुल्क भरून १६० एकर सरकारी जमिनीवर हक्क सांगता येई. मात्र तेथे पाच वर्षे राहून ती कसल्यावरच मालकी मिळे. झाडे विरळ असल्याने इमारती लाकूड दुर्मिळ होते, म्हणून वसाहतवाले गवताच्या मुळांनी घट्ट विणलेला मातीचा थर विशिष्ट नांगराने पट्ट्यापट्ट्यांनी उचलून फावड्याने त्याचे ठोकळे कापीत आणि गवताची बाजू खाली ठेवून ते एकमेकांवर रचीत. अशा जाड भिंतींचे घर उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात ऊबदार राही. परंतु पावसात छत गळे आणि माती अन्नात पडू नये म्हणून आढ्याखाली मांजरपाट ताणून बांधावा लागे.

अशा घरातील मूल लहानपणापासूनच शेतीचा भार उचलणारा गडी असे. पाणी आणणे, गुरे राखणे, मका खुडणे आणि सरपण नसल्याने रानशेणी व मक्याची बुरकुंडे गोळा करणे ही कामे मुलांकडे असत. सर्व इयत्ता एकाच खोलीत व एकाच शिक्षिकेच्या हाताखाली शिकत आणि शाळेचे दिवस शेतीच्या हंगामावर ठरत. १२ जानेवारी १८८८ रोजी सकाळच्या उबदार हवेनंतर अचानक उठलेल्या हिमवादळात या मैदानी प्रदेशातील अनेक मुले शाळेच्या वाटेवर दगावली.

१८९० नंतरच्या दशकातील अवर्षणाने अनेक कुटुंबांना जमीन सोडावी लागली. १९०४ च्या किंकेड कायद्याने पश्चिम नेब्रास्कात ६४० एकरांची मुभा दिली, तेव्हा कोरड्या प्रदेशात १६० एकर अपुरे पडतात हे शासनानेही मान्य केले.

सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने १८८६ पासून काउंटीभर फिरून घरासमोर उभ्या कुटुंबांची चित्रे टिपली. त्यांत थोरांच्या बरोबरीने मुलेही उभी दिसतात, आणि त्यांच्या श्रमांवाचून ही वसाहत टिकली नसती.