बॉइन नदीच्या मुखाशी

आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डब्लिनच्या उत्तरेस सुमारे 50 किलोमीटरवर, बॉइन नदीच्या काठी ड्रोहेडा हे जुने बंदर वसलेले आहे. आयरिश भाषेत या नावाचा अर्थ ‘उतारावरचा पूल’ असा होतो. उतार म्हणजे नदी पायी ओलांडण्याची जागा, हे कोकणात वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नकोच. आम्ही तेथे गेलो ते मुख्यतः नदीचे मुख आणि त्याच्या उत्तरेकडील खडकाळ किनारा पाहण्यासाठी. परंतु शहरात पाऊल टाकताच इतिहास वाट अडवितो. तेराव्या शतकातील सेंट लॉरेन्स दरवाजा आजही रस्त्यावर उभा आहे, आणि बेलफास्टकडे जाणारी आगगाडी 1855 साली पुऱ्या झालेल्या उंच पुलावरून नदी ओलांडते.

याच शहरावर सप्टेंबर 1649 मध्ये ऑलिव्हर क्रॉमवेलने हल्ला केला आणि त्याच्या सैन्याने हजारो माणसांची कत्तल केली. आयरिश माणूस हे नाव आजही कडवट तोंडाने उच्चारतो. आम्हांस ते नाव ठाऊक होते ते अगदी निराळ्या संदर्भात. 1655 साली ॲम्स्टरडॅमचे मनश्शे बेन इस्रायल लंडनला आले आणि यहुद्यांस इंग्लंडात पुन्हा राहू द्यावे अशी विनंती त्यांनी ज्याच्यापुढे मांडली, तो हाच क्रॉमवेल. त्याने तो मार्ग मोकळा होऊ दिला म्हणून यहुदी इतिहासात त्याची नोंद बरी आहे. ड्रोहेडाच्या तटाखाली उभे असताना त्या बऱ्या नोंदीचा उच्चार करावा असे आम्हांस वाटले नाही.

शहरापासून पूर्वेकडे काही किलोमीटर गेले की बॉइन समुद्रास मिळते. मुखाशी मॉर्निंग्टन येथे नावाड्यांना खूण व्हावी म्हणून बांधलेला एक जुना दगडी मनोरा आहे. ओहोटीला येथे चिखल व वाळू दूरवर उघडी पडते, पाणपक्षी चरत असतात, आणि क्षणभर रेवदंड्याच्या खाडीची आठवण होते. वारा मात्र असा बोचरा की आठवण फार वेळ टिकत नाही. दक्षिण तीरावर कोल्प नावाचे ठिकाण आहे. अकराव्या शतकात संकलित झालेल्या ‘लेबर गबाला’ या आयरिश आक्रमणकथांच्या ग्रंथात सांगितले आहे की, मिल नावाच्या पूर्वजाचे पुत्र गलबते घेऊन या बेटावर आले, तेव्हा येथील जुन्या रहिवाशांनी मंत्रबळाने वादळ उठविले, आणि मिलचा पुत्र कोल्पा याच मुखाशी बुडाला. त्याच्या नावाने मुखाला व गावाला नाव पडले.

वाचकांच्या मनात नवगाव आले असेलच. आमच्याही आले. वादळ, फुटलेले गलबत, पाण्यातून तरून आलेली सात जोडपी, आणि किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्रेतांसाठी केलेली पुरुषांची व स्त्रियांची निरनिराळी दफने : आपल्या घरोघरी आजीने सांगितलेली ही कथा हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1897 साली लिहून पूर्ण केलेल्या इतिहासात नोंदविली, आणि तो ग्रंथ 1937 साली तेल अवीवला छापला गेला. बुडालेल्यांच्या नावाने आपला आरंभ सांगणारे आपण एकटेच नाही, हे बॉइनच्या मुखाशी उभे राहून कळले.

त्याच आयरिश ग्रंथात आणखी एक नवल आहे. गेल लोकांचा मूळ पुरुष गेडल ग्लास हा फारोच्या कन्येचा पुत्र. बालपणी त्यास सर्पदंश झाला, तेव्हा मोशेने आपली काठी लावून त्यास बरे केले आणि याची संतती सर्प नसलेल्या देशात राहील असे सांगितले. आयर्लंडात साप नाहीत ही गोष्ट खरी आहे. शास्त्रज्ञ तिचे कारण हिमयुगात आणि बेटाभोवतीच्या समुद्रात शोधतात. पण दूरच्या बेटावरील लोकांनीही आपल्या पूर्वजांस मिसरातून निघालेल्या इस्रायलाच्या शेजारी नेऊन बसवावे, याचे आम्हांस हसू आले नाही, उलट थोडे भरून आले.

याच ओढीचे दुसरे रूपही तेथे पाहावयास मिळते. बॉइनच्या खोऱ्यातच तारा नावाची टेकडी आहे. प्राचीन आयरिश राजांचे ते मानाचे स्थान. इंग्रज लोक हे इस्रायलाच्या हरवलेल्या वंशांपैकी होत असे मानणाऱ्या एका पंथाच्या मंडळींनी कराराचा कोश तेथेच पुरला आहे असे ठरवून 1899 ते 1902 या काळात टेकडी खणली. डब्ल्यू. बी. येट्स, डग्लस हाइड व जॉर्ज मूर यांनी ‘टाइम्स’ पत्रातून त्याचा निषेध केला. कोश मिळाला नाही, प्राचीन मातीकामाची मात्र भरून न येणारी नासधूस झाली. ज्यांस आपला वंश सिद्ध करून दाखवायचा असतो ते दुसऱ्याच्या जमिनीत कुदळ घालावयास मागेपुढे पाहत नाहीत, असे आम्ही आपसांत म्हटले. मग आम्हीच गप्प झालो.

कारण वंश सिद्ध करा, असे आपल्यालाही सांगण्यात आले होते. येथे आल्यावर विवाहाच्या वेळी आपल्या लोकांच्या पूर्वजांची चौकशी होऊ लागली, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे घोषित करीपर्यंत किती घरांनी मनस्ताप सोसला हे ज्येष्ठांना आठवते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आपल्या रक्तात यहुदी व भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. वाचून बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. पण नवगावला दगड ठेवणाऱ्या आपल्या पणज्यांना त्या अहवालाची गरज कधी भासली नव्हती.

उत्तरेस क्लोगरहेडचे भूशिर आहे, आणि या सहलीतील सर्वांत सुंदर वाट तीच. खाली काळसर करडे कातळ तिरपे होऊन समुद्रात उतरतात, वर गवताची अरुंद पाऊलवाट, पलीकडे पोर्ट ओरिएल हे मासेमारीचे बंदर. पाऊस पडून गेला असेल तर येथील दगडावर पाय जपून टाकावा. आमच्यापैकी एकाने जपला नाही. भूवैज्ञानिक सांगतात की सुमारे 42 कोटी वर्षांपूर्वी मधला महासागर आटून दोन भूखंड एकमेकांस भिडले, त्यांच्या सांध्याची रेषा या भूशिराजवळून जाते. आणि येथील दगडाची दुसरी कथा माणसांची आहे. ड्रोहेड्याजवळच इ. स. पूर्व 3200 च्या सुमारास बांधलेली न्यूग्रेंजची समाधी आहे, इजिप्तमधील पिरॅमिडांहून जुनी. तिच्या पायथ्याभोवती 97 प्रचंड शिळा आहेत. त्यांतील बहुतेक शिळा याच किनाऱ्यावरून काढून समुद्रमार्गे व नदीतून नेल्या असाव्यात असे संशोधकांचे मत आहे. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशी सूर्योदयाचा किरण दारावरच्या झरोक्यातून आतील गाभाऱ्यापर्यंत जातो, प्रा. ओ’केली यांनी तो 21 डिसेंबर 1967 रोजी स्वतः पाहिला. ज्यांनी ती शिळा वाहिली त्यांचे नाव, भाषा, देव, काहीच उरलेले नाही.

क्लोगरहेडच्या कातळावर एका ठिकाणी घोड्याच्या टापेसारखा खळगा दिसला, तेव्हा आमच्यातील वृद्ध मावशींनी चटकन पदर सावरून त्यास हात लावला व हात ओठांशी नेला. अलिबागजवळच्या खंडाळ्यास एलियाहू हन्नबींच्या रथाची खूण म्हणून ज्या खडकाशी आपण मलिद्याचा नवस फेडतो, तो त्यांना आठवला होता. येथे तो नाही, हे त्यांनाही ठाऊक होते.

परतताना मोनास्टरबॉइसचा दगडी क्रूस पाहिला. दहाव्या शतकाच्या आरंभीचा, साडेपाच मीटर उंच, आणि त्यावर आपल्याच कथा : काइन व हाबेल, दावीद व गल्याथ, आणि खडकावर काठी मारणारा मोशे. त्याच्यासमोर तहानलेले इस्रायल लोक रांगेने बसलेले आहेत. वाऱ्यापावसाने त्यांचे चेहरे झिजले आहेत. मावशींनी तेथेही थोडा वेळ थांबून ती माणसे मोजली, आणि मग आम्ही ड्रोहेड्याची वाट धरली.