वाटाड्या आणि सायंकाळ

गेल्या हिवाळ्यात एका चर्चासत्राच्या निमित्ताने साताऱ्यास जाण्याचा योग आला. निबंधवाचन दुपारी चारला आटोपले. संयोजकांनी बाहेरगावच्या प्राध्यापकांसाठी 'सायंकालीन सातारा दर्शन' ठेवले होते. एक छोटी बस आणि माहिती सांगायला एक तरुण मुलगा. मुलगा चुणचुणीत होता, त्याचे पाठांतर चांगले होते आणि बोलण्यात आर्जव होते. तेव्हा पुढे जे लिहीत आहे ते त्याच्याविषयीची तक्रार म्हणून वाचू नये. त्याला जो इतिहास शिकवला गेला तोच तो आम्हाला सांगत होता, आणि इतिहास शिकवण्याचा धंदा माझाच आहे.

पोवई नाक्यावरून बस निघाली तेव्हा पाच वाजून गेले होते. उन्हे उतरली होती. बसची सावली रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानांच्या पायऱ्यांवर पडली होती. ती सावली पाहताना मला घुर्यांच्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या १९३२ सालच्या ग्रंथातली एक नोंद आठवली. पेशवाईत पुण्याच्या वेशीच्या आत महार-मांगांना दुपारी तीनपासून सकाळी नऊपर्यंत प्रवेश नव्हता, असे तेथे म्हटले आहे. कारण एवढेच की त्या वेळी सूर्य खाली असतो, माणसाची सावली लांब पडते आणि ती लांबूनही ब्राह्मणाला बाटवते. भर दुपारी सावली पायाशी गोळा होते, तेवढ्या वेळात कामे उरकून बाहेर पडायचे. म्हणजे शहर पाहण्याची जी सर्वांत सुखाची वेळ, ज्या वेळेला आज 'दर्शना'च्या बसगाड्या निघतात, नेमकी तीच वेळ आमच्या पूर्वजांना निषिद्ध होती. पाऊणशे किलोच्या या देहाची बरीच लांब सावली घेऊन मी खिडकीशी बसलो होतो, आणि शेजारचे गृहस्थ मला शेंगदाणे देत होते. हा बदल लहान नाही. तो कोणी आणला हे ठाऊक असल्यामुळेच पुढचे दोन तास मला जड गेले.

पहिला मुक्काम राजवाडा. शाहू महाराजांनी १७०८ साली साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेतला, साताऱ्याला राजधानीचे वैभव आले, पुढे इंग्रजांनी १८३९ साली प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडले, १८४७ साली ते तेथेच वारले आणि १८४८ साली राज्य खालसा झाले, हे सारे त्या मुलाने नीट सांगितले. प्रतापसिंहांना विद्येची आवड होती, तेही सांगितले. मी वाट पाहत होतो. याच राजवाडा चौकात, आज ज्या शाळेला प्रतापसिंहांचे नाव आहे त्या तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. शाळेच्या दाखल-नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे (हे साल नव्हे, अनुक्रमांक) 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. शाळेने ती नोंदवही जपून ठेवली आहे. २०१७ सालापासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. हा मुलगा १९०४ पर्यंत साताऱ्यात शिकला. भारताची राज्यघटना ज्याच्या हातून लिहिली जायची होती त्याला इंग्रजी मुळाक्षरे या चौकात भेटली.

बस सुरू झाली. मी म्हणालो, "अहो, शाळा राहिली."

"कुठली शाळा, सर?"

"बाबासाहेबांची."

"हां, ती होय! ती आपल्या लिस्टमध्ये नाही सर. आणि ह्या टायमाला बंद असते."

राजवाडाही बंदच होता. आम्ही तो बाहेरूनच पाहिला होता.

वाटेत त्याने कासच्या पाण्याविषयी सांगितले. कास तलावाचे पाणी डोंगरउतारावरून आपल्या वजनानेच शहरात येते, इंग्रजी काळापासून येते, हे साताऱ्याचे भूषण आहेच. पण साताऱ्याच्या पाण्याचा विषय निघाला की मला शाळेतला नळ दिसतो. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की त्या नळाला त्यांना हात लावता येत नसे. स्पृश्याने तोटी सोडली तर पाणी, आणि ते काम शिपायाकडे होते. शिपाई नसला की तहान मारायची. बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि शाळा सुटल्यावर तेही घरी न्यायचे. साताऱ्यात परीट होते, न्हावी होते. पण कपडे बहिणी धूत आणि केसही बहिणीच कापत. एवढे सारे या शहराच्या रस्त्यांवर घडलेले आहे. या घटनांना जागा आहेत, तारखा आहेत, ज्याने भोगले त्याची लेखी साक्ष आहे. इतिहासाला आणखी काय लागते?

चार भिंतींवर वारा छान होता. राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी म्हणून प्रतापसिंहांनी ही जागा बांधली असे सांगतात. आता तेथे १८५७ च्या वीरांचे स्मारक आहे. त्या वर्षी ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. कोणाला फाशी, कोणाला गोळी, कोणाला तोफेच्या तोंडी. आम्ही सारे क्षणभर गप्प उभे राहिलो. त्यात मीही होतो आणि मनापासून होतो. प्रस्थापितांचा इतिहास नाकारायचा म्हणजे गेंडामाळ नाकारायचा असे मी मानीत नाही.

तेथून बस संगम माहुलीकडे निघाली. कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम, प्रतिनिधींनी बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ, रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव. दिवेलागण झाली होती. घाटाच्या बाजूला आमच्या वाटाड्याने आवाज जरा चढवला आणि शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याची समाधी दाखवली. या खंड्याने महाराजांना वाघापासून वाचवले, म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. मंडळींनी समाधीची छायाचित्रे घेतली. एका बाईंनी हात जोडले.

कुत्र्याच्या इमानाविषयी मला काही म्हणायचे नाही. पण माहुलीला येताना सदर बाजार बाजूला टाकून आम्ही आलो होतो. त्या भागात भीमाबाईंची समाधी आहे. रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त होऊन नोकरीसाठी कुटुंब घेऊन साताऱ्यास आले आणि १८९६ साली भीमाबाई येथे वारल्या. धाकटा मुलगा पाच वर्षांचा होता. बसमध्ये सव्वीस माणसे होती, सगळी पदवीधर, बहुतेक पीएच.डी. त्यांच्यापैकी किती जणांना ही समाधी साताऱ्यात आहे हे ठाऊक होते? मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

परतताना अंधार पडला, आणि मला दुसरी एक सायंकाळ आठवत राहिली. १९०१ साल. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुट्टीत मुलांना त्यांनी बोलावले. भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून टांग्याने दहा मैलांवरच्या पाडळी स्टेशनाला गेली, म्हणजे आजच्या सातारारोडला, आणि आगगाडीने मसूरला उतरली. तेव्हा सायंकाळचे पाच वाजले होते. पत्र वेळेवर न पोचल्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आधी गोड चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर एकजण तयार झाला. तो स्वतः बाजूने चालला. दिवस मावळला. शिदोरी होती, पण पाणी नव्हते. गाडीवानाने दाखवले ते शेणामुताने गढूळ झालेले डबके. नाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाण्याचा थेंब मिळाला नाही. भरल्या शिदोरीवर उपाशी झोपून मुले दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोचली. सातारा जिल्ह्यातला हा एका रात्रीचा प्रवास. माझ्या मते या जिल्ह्याचे 'दर्शन' इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणालाही घडलेले नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. वाट दाखवणे हे काम आम्हाला नवे नाही. ते आमच्या वतनातच होते. गावची शीव कोठून जाते हे महाराला ठाऊक असायचे, शिवेच्या भांडणात त्याची साक्ष लागायची. सरकारी अंमलदार आला, कोणी परका वाटसरू आला की त्याला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचे काम महाराचे. सायंकाळी वेशीचा दरवाजा लावायचे कामही त्याचेच. माझ्या पणजोबाकडे येसकरपाळी असायची आणि आजा पोरवयात त्याच्याबरोबर जाई. मी महाविद्यालयात असताना आज्याला विचारले होते. तो म्हणाला, "कंदील गावचा, पाय आपलं. शीव आली की सायबाला फुडल्या गावच्या म्हाराच्या सवाधीन करायचं आन् माघारी फिरायचं. बिदागी? कसली बिदागी, लेका!" या वेठबिगारीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले. ते तेव्हा पार पडले नाही. वतन प्रत्यक्षात गेले ते १९५८ च्या कायद्याने. आज्याने ज्या वाटा दाखवल्या त्यांपैकी एकीवरही त्याला 'इथे काय पाहावे' हे ठरवण्याचा अधिकार नव्हता. तो कंदील धरी. पाहायचे काय ते साहेब ठरवी.

आता माझी पाळी. साताऱ्याच्या या फेरीनंतर महिन्याभरात विदर्भातून चार प्राध्यापक आमच्या महाविद्यालयात, सांगलीस आले. इतिहास शिकवतो म्हणून सायंकाळी त्यांना गाव दाखवायचे काम माझ्याकडे आले. साताऱ्यात मनातल्या मनात इतके संतापलेला मी काय दाखवले? पटवर्धनांनी बांधलेले गणपती मंदिर. १८०१ साली वेगळ्या झालेल्या संस्थानाची हकीकत. विष्णुदास भाव्यांचे १८४३ चे 'सीतास्वयंवर'. बेचाळीसच्या चळवळीतला वसंतदादांचा तुरुंग फोडण्याचा पराक्रम, तारीख २४ जुलै १९४३. कृष्णेवरचा १९२९ चा आयर्विन पूल, आणि पुलावरून सूर्यास्त. एकूण एक बरोबर, एकूण एक पाठ. 'सांगली' हे जिल्ह्याचे नाव १९६० चे, त्याआधी १९४९ पासून दक्षिण सातारा, ही माहितीही दिली.

पुलावर एका पाहुण्यांनी विचारले, "सर, अण्णाभाऊंचं वाटेगाव इथून किती लांब?"

वाटेगाव वाळवा तालुक्यात, माझ्याच जिल्ह्यात. १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णाभाऊ साठे तेथे जन्मले. बापाबरोबर पायी मुंबईस गेले. 'फकिरा' लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली. १९६१ साली रशिया पाहून आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. मराठीत प्रवासवर्णनांचे ढीग आहेत, पण गावकुसाबाहेरच्या माणसाने परदेशची शहरे आपल्या डोळ्यांनी पाहून लिहिलेले असे पुस्तक त्या काळात दुर्मीळच. नाटकाचे १८४३ सांगणारा मी, हे नाव नागपूरकडच्या माणसाने काढावे लागले.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. परतताना गाडी मार्केट यार्डावरून गेली. सांगलीची हळदपेठ देशात प्रसिद्ध आहे, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. हे मी पाहुण्यांना सांगितले. हरिपूरची जमिनीखालची हळदीची पेवे २००५ च्या महापुरात कशी निकामी झाली तेही सांगितले. माझे वडील याच पेठेत तीस वर्षे हमाल होते हे मात्र सांगितले नाही. ते सायंकाळी घरी येत तेव्हा कानाच्या पाळीपर्यंत पिवळे झालेले असत. लोकांना हळद लग्नात एकदा लागते, आमच्या वडिलांना रोज लागे, असे आई म्हणायची. त्या पोत्यांच्या हमालीवर मी बी.ए. झालो, घरातला पहिला. गाडी फाटकासमोर सिग्नलला थांबली होती, वेळ पुष्कळ होता. माझी जीभ उचलली नाही. साताऱ्याच्या मुलाजवळ निदान यादी तरी होती. माझी यादी माझ्याच डोक्यात कोणी लिहून ठेवली होती?

येत्या ७ नोव्हेंबरला मी माझ्या वर्गातली मुले साताऱ्यास नेणार आहे. दुपारी शाळेच्या वेळात राजवाडा चौक, तेथून पायी सदर बाजार, मग एस.टी.ने सातारारोड आणि तेथून मसूर. मसूर स्टेशनवर सायंकाळी पाचच्या सुमारास पोचायचे असा बेत आहे. माहिती मुलांनीच सांगायची, प्रत्येकाने एकेक ठिकाण घेतले आहे. सांगलीत परतल्यावर दुसऱ्या दिवशी मार्केट यार्ड. ते ठिकाण मी स्वतःकडे ठेवले आहे आणि वडिलांनाही यायला सांगितले आहे. ते म्हणाले, "तिथं काय बघायचं हाय?" पण येतो म्हणाले आहेत. वर्गातल्या फलकावर सूचना लागली आहे. तिच्यात बसचे भाडे आणि निघण्याची वेळ दिली असून पिण्याचे पाणी ज्याने त्याने बरोबर घ्यावे, असेही लिहिले आहे.