पोस्टग्रेस: प्रोसेस की थ्रेड? एका लांबलेल्या निर्णयाचा इतिहास

के. आर. पुरमला आमच्या प्रयोगशाळेत डेटाबेसच्या सुरुवातीच्या तासाला एक छोटा प्रयोग असतो. तुम्हीही करून पाहा. लिनक्सवर दोन टर्मिनलांमधून पोस्टग्रेसक्यूएलला जोडणी करा आणि तिसऱ्यात ‘पीएस’ ही आज्ञा द्या. प्रत्येक जोडणीची स्वतंत्र प्रोसेस दिसेल. मायएसक्यूएलमध्ये मात्र सर्व्हरची प्रोसेस एकच असते आणि जोडण्या तिच्यातल्या थ्रेडवर चालतात. हा फरक कुठून आला?

पोस्टग्रेसचे काम १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाले. १९९० च्या शोधनिबंधात त्यांनी व सहकाऱ्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे, की दर वापरकर्त्यामागे एक प्रोसेस ही रचना प्रणाली लवकर उभी राहावी म्हणून घेतली. पुढे हलक्या प्रोसेसकडे, म्हणजे आजच्या भाषेत थ्रेडकडे, वळायचे आहे. थ्रेडचे पॉझिक्स प्रमाणक आले १९९५ मध्ये. तोवर कोड बराच वाढला होता.

अडचण इथेच आहे. प्रत्येक प्रोसेसला स्वतःची स्मृती असते, म्हणून सी भाषेतले ग्लोबल व्हेरिएबल निर्धास्तपणे वापरता येते. थ्रेडमध्ये तेच सर्वांचे सामायिक होते, त्यामुळे असे प्रत्येक व्हेरिएबल तपासावे लागते. शिवाय पोस्टजीआयएससारखी बाहेरची एक्स्टेन्शनेही याच गृहीतावर उभी आहेत.

२०१६ च्या ९.६ आवृत्तीत रॉबर्ट हास, अमित कपिला आणि इतरांनी समांतर क्वेरी आणली, तीही मदतनीस प्रोसेस व सामायिक स्मृती वापरूनच. २०२३ मध्ये हेइक्की लिन्नाकांगास यांनी थ्रेडकडे जाण्याचा प्रस्ताव मांडला. टॉम लेन यांनी त्याला ठाम विरोध केला. थ्रेडच्या बाजूने मुद्दा असा: थ्रेड बदलणे स्वस्त पडते, आणि माहिती वाटून घेणे सोपे जाते. विरोधाचा मुद्दा असा: वर्षानुवर्षे तावूनसुलाखून निघालेल्या कोडमध्ये सूक्ष्म चुका शिरतील.

‘प्रोसेस वेगळ्या, म्हणून एक कोसळली तरी बाकीच्या सुरक्षित’ असे उत्तर तुम्ही परीक्षेत लिहाल. ते अर्धेच खरे आहे. एक प्रोसेस कोसळली की पोस्टग्रेस बाकीच्या जोडण्याही तोडते आणि पुन्हा सुरू होते, कारण सामायिक स्मृतीवर आता भरवसा उरलेला नसतो.

यातून एवढे लक्षात ठेवा: तुमच्या प्रकल्पात ‘तूर्तास असे करू’ म्हणाल, तेव्हा ते का केले हे त्याच दिवशी लिहून ठेवा. स्टोनब्रेकर यांनी लिहून ठेवले होते, म्हणूनच आज आपल्याला हे कळते.